जुनाट दिसणारी टी-शर्ट छपाई: झीज फिल्मवर आणायची, शाईतून की घासून?

स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापलेलं चित्र वर्षानुवर्षं धुतल्यासारखं दिसावं, यासाठी ढोबळमानाने तीन वाटा आहेत. त्यांतली निवडण्याआधी ग्राहकाला एक गोष्ट विचारून घ्या: शर्ट फक्त जुना दिसायला हवा, की हाताला जुना लागायलाही हवा? बहुतेकांना दोन्ही हवं असतं, पण ते सांगतात फक्त पहिलं.

फिल्मवरची झीज. फिल्म म्हणजे जाळीवर डिझाइन उतरवायची पारदर्शक प्रत. डिझाइनमध्येच तडे, ठिपके, खरवडे काढायचे आणि तेवढी जागा कोरी सोडायची. पहिला शर्ट आणि पाचशेवा शर्ट हुबेहूब सारखा येतो, म्हणून मोठ्या ऑर्डरला हीच पद्धत सोयीची. हाच तिचा दोषही आहे. एकाच गटातले दहा जण शेजारी उभे राहिले की दहाही छात्यांवर तोच ओरखडा! शाई दाबाखाली थोडी पसरते आणि बारीक कोरे ठिपके बुजवून टाकते, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर पुरेशी वाटते त्याहून थोडी जास्तच झीज ठेवावी. 43टी (सेंटिमीटरला 43 धागे) सारख्या जाड मेशवर, म्हणजे विरळ जाळीवर, बारीक टेक्स्चरची धार टिकत नाही. 77टी किंवा 90टी घ्या. टेक्स्चर प्रत्यक्ष छपाईच्या मापातच बनवा. मोठ्यांच्या शर्टासाठी केलेलं डिझाइन लहान मुलांच्या मापाला आकसलं की अर्धी झीज गायब होते. आणि अंडरबेस (रंगांखाली छापलेला पांढरा थर) असेल तर तीच झीज त्यातूनही कापायला विसरू नका, नाहीतर भेगांमधून शर्टाच्या रंगाऐवजी पांढरा डोकावतो.

हाताला मात्र ही छपाई नवीच लागते, कारण प्लास्टिसोलचा (तापवून पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकयुक्त शाईचा) थर कापडावर बसलेला असतो.

शाईतून येणारा जुनेपणा. माझा कौल इथे. फिकट शर्ट असेल तर सरळ वॉटरबेस शाई वापरा. ती सुतात मुरते आणि छापलेला भाग हाताला जवळपास जाणवतच नाही. गडद सुती शर्टाला डिस्चार्ज: ही शाई कापडाचा मूळ रंग काढून टाकते आणि तिच्यात रंगद्रव्य घातलं असेल तर त्या जागी ते बसवते. पण कापड शक्यतो शंभर टक्के सुती आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने (सुताशी रासायनिक बंध जुळवणारा रंग) रंगवलेलं हवं. पॉलिस्टरचा रंग तिला दाद देत नाही. काही निळे-हिरवे शर्ट अर्धवटच उतरतात, आणि जुनाट रूप हवं असेल तर ते अर्धवटपण कधी कधी पथ्यावर पडतं. तरी त्याच लॉटमधला एक शर्ट छापून बघितल्याशिवाय शब्द देऊ नका. तापवताना उग्र वास सुटतो, म्हणून हवा खेळती लागते. कालवलेली शाई काही तासांतच निकामी होते, आणि छापलेले शर्ट घालण्याआधी धुवावे लागतात. हा व्याप झेपणार नसेल तर प्लास्टिसोलमध्ये सॉफ्ट-हँड बेस (छपाई हाताला मऊ लागावी म्हणून घालायचं मिश्रण) मिसळा, 120टी मेश घ्या, अंडरबेस वगळा आणि स्क्वीजी (शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) एकदाच ओढा. गडद शर्टावर रंग आपसूक मंदावतात. डिस्चार्जची सर येत नाही, पण काम भागतं. पांढऱ्याफटकऐवजी मळका पांढरा आणि गडद काळ्याऐवजी कोळशाचा करडा घेतला तर निम्मं काम रंगच करतात.

एक पळवाट मात्र टाळा: शाई मुद्दाम कच्ची ठेवणं. नेहमीच्या प्लास्टिसोलला साधारण 160 अंश सेल्सिअस लागतं, तेही थराच्या तळापर्यंत. कमी तापवलेली छपाई सावकाश विटत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. तक्रार तुमच्याकडेच येणार.

घासून काढणं. पूर्ण पक्क्या आणि गार झालेल्या छपाईवर बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवायचा. प्रत्येक शर्ट वेगळा होतो, पण वेळ फार जातो आणि जोर जास्त लागला की कापडच विरतं. एक-दोन खास शर्टांपुरतं ठीक, ऑर्डरसाठी नाही.

वाट कोणतीही निवडा, नमुना दोन-तीनदा धुऊन मगच मंजुरीला पाठवा. धुण्यात झीज आणखी उठते, आणि ताज्या छपाईवर होकार देणारा ग्राहक नंतर तीच झीज दोष म्हणून दाखवतो.