बिल आमचं, माल आमचा, खातं भलत्याचंच

शिरोली एमआयडीसीत माझं आणि माझ्या दाजींचं भागीदारीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं आणि चाकणकडच्या एका कंपनीला पार्ट पाठवायचे. पार्टी जुनी, पेमेंटला कधी त्रास नाही, त्यामुळे यावेळी पैसे लांबले तरी दाजी म्हणाले थांब जरा, त्यांचं क्वार्टर क्लोजिंग चालू असेल. शेवटी मीच फोन लावला तर तिकडचे अकाउंटवाले म्हणतात, "अहो पेमेंट कधीच गेलंय, यूटीआर पण मेल केलाय तुम्हाला." यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार नंबर. आमच्याकडे ना पैसे, ना यूटीआर, ना मेल. त्यांना म्हटलं कुठल्या खात्यावर टाकले ते तरी सांगा, तर म्हणाले, "तुम्हीच कळवलं होतं ना नवीन खातं!"

पावणेसात लाख रुपये. आमच्यासारख्याला ही रक्कम म्हणजे पगार, लाइट बिल, कास्टिंगवाल्याचं उधार, सगळं त्यातच.

त्यांनी तो मेल व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा खरं तर घाम फुटला. आमच्याच बिलावर चालू असलेल्या जुन्या मेलच्या ओळीत, वरच्या सगळ्या खऱ्या मेलांच्या खाली, 'ऑडिटमुळे आमचं चालू खातं तात्पुरतं बंद आहे, कृपया या खात्यावर पेमेंट करावे' असं लिहिलेलं, सोबत आमच्याच बिलाची पीडीएफ, आमचा लोगो, आमचा जीएसटी नंबर, शिक्का, रक्कम पैशापर्यंत बरोबर. बदललेलं काय, तर खाली बँकेच्या चार ओळी. आणि हा पहिला मेल चक्क आमच्याच आयडीवरून गेलेला होता, दुसरीकडून कुठून नाही. नंतरचे मात्र वेगळ्या आयडीवरून, आमच्या डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे जे नाव असतं त्यात, जिथे एम आहे तिथे त्यांनी आर आणि एन शेजारी शेजारी ठेवलेले. मोबाइलवर तर नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसतच नाही, नावावर बोट ठेवून उघडला तर दिसतो, आणि उघडला तरी आर-एन आणि एम मधला फरक कामाच्या गडबडीत कोणाला दिसणारे? त्या अकाउंटवाल्या बाईंना मी आजही दोष देत नाही.

मग प्रश्न असा की आमच्या आयडीवरून मेल गेला, त्याला उत्तरं आली, आणि आम्हाला एकही कसा दिसला नाही. हे कळलं तेव्हा या लोकांच्या डोक्याची कमाल वाटली. भाच्याने जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडलं तर तिथे एक फिल्टर बनवून ठेवलेला, की या कंपनीच्या डोमेनवरून जो मेल येईल तो वाचलेला म्हणून मार्क कर आणि इनबॉक्समध्ये न ठेवता सरळ ट्रॅशमध्ये टाक. शेजारच्या फॉरवर्डिंगच्या टॅबमध्ये एक अनोळखी पत्ता, आमच्या मेलची प्रत आपोआप तिकडे जायची. म्हणजे चोर घरात शिरून पळून गेला नव्हता, माळ्यावर बसून निवांत आमचं बोलणं ऐकत होता. बिल कधी जातं, कोण पास करतं, आम्ही 'डियर सर' लिहितो की 'नमस्कार साहेब', सगळं वाचून झाल्यावर आणि मोठं बिल आल्यावरच त्याने हात घातला.

आत आला कसा तेही सापडलं. काही आठवडे आधी 'नवीन परचेस ऑर्डर' म्हणून एक मेल आला होता, फाइलचं नाव पीओ आणि पुढे नंबर, पण शेवटी पीडीएफ नव्हे, एचटीएमएल, म्हणजे वेबपेजची फाइल. ती उघडली की ब्राउझरमध्ये मागे धूसर एक्सेल शीट दिसते आणि पुढे चौकट, की फाइल बघायला तुमच्या मेलचा पासवर्ड टाका. ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर आम्ही चौघं बसतो, ऑर्डरची फाइल म्हटल्यावर कोणीही उघडणारच, आमचं पोटच त्याच्यावर आहे. पण ऑर्डरची फाइल कधीच मेलचा पासवर्ड मागत नाही, मागितला की तो चोरच, हे आता कॉम्प्युटरच्या वर कागदावर लिहून चिकटवलंय.

आणि एक, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही बरं का. तो फिल्टर आणि ते फॉरवर्डिंग पासवर्ड बदलला तरी तसंच राहतं. ते हाताने काढावं लागतं, रिकव्हरीचा मेल आणि नंबर आपलाच आहे का बघावं लागतं, आणि कॉम्प्युटरवर जीमेल उघडल्यावर अगदी खाली उजवीकडे 'डिटेल्स' असं बारीक लिहिलेलं असतं तिथे कुठून कुठून लॉगिन झालंय ते दिसतं, बाकी सगळी सेशन्स तिथूनच बंद करता येतात. टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, आधीपासून लावलेलं असतं तर नुसत्या पासवर्डवर त्याला आत येणं अवघड गेलं असतं. हे वाचून झाल्यावर आधी आपापले फिल्टर बघून या, खरंच.

तक्रारीचं सांगतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तर पैसे ज्यांच्या खात्यातून गेले त्यांनी तक्रार करायची, त्यांच्याकडेच यूटीआर आणि बँकेचा तपशील. मग चाकणवाल्यांनी १९३० ला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. पण तोपर्यंत बरेच दिवस गेलेले. ही यंत्रणा पैसे पुढच्या खात्यात आहेत तोवर अडवते, म्हणून पहिले काही तासच महत्त्वाचे. आमचे पैसे त्याच दिवशी चारपाच खात्यांत वाटले गेले, काही एटीएममधून निघाले, मागे जेमतेम लाखभर होल्ड झाले आणि ते सुटायला कोर्टाची ऑर्डर. पहिलं खातं कुणाचं तर परराज्यातल्या एका पोराचं साधं बचत खातं, कमिशनवर वापरायला दिलेलं. पोलीस याला म्यूल अकाउंट म्हणतात.

इथे एक गोष्ट मला फार लागते. आमचं बिल फर्मच्या नावाने, आणि पैसे गेले कुण्या माणसाच्या बचत खात्यात, तरी बँकेतून आरटीजीएस बिनबोभाट पास! कारण आरटीजीएस, एनईएफटीत पैसे खाते नंबरवर जमा होतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. रिझर्व्ह बँकेने आता बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय करायला लावली, पण कंपन्यांत पेमेंटची एकच मोठी फाइल अपलोड करतात, नाव बघतो कोण. आयएफएससी बघितला असता तरी कळलं असतं, पहिली चार अक्षरं बँक, मग शून्य, मग शेवटची सहा म्हणजे शाखा. आमचं खातं कोल्हापुरात, हा कोड दुसऱ्याच राज्यातल्या शाखेचा.

कोणी म्हणालं, तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे देते. तो रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, पण तो आपल्याला न विचारता झालेल्या व्यवहारासाठी. इथे त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने पाठवलेत, बँक हात वर करते.

मग राहिला भांडणाचा भाग. ते म्हणतात मेल तुमच्या आयडीवरून आला, आम्ही म्हणतो बँक बदलताना एक फोन करायचा. दोघांचंही खरं. वकिलाकडे गेलो असतो तर धंदा गेला असता आणि पैसे दहा वर्षांनी मिळाले असते. दाजी चाकणला जाऊन बसले, चहावर चहा झाला, शेवटी निम्मं निम्मं सोसायचं ठरलं. आता आमच्या प्रत्येक बिलावर ठळक छापतो की खातं बदलल्याचं आम्ही मेलवर कधीच कळवत नाही. आम्हाला कोणी नवीन खातं कळवलं तर फोन करायचा, तोही आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर, त्या मेलमध्ये दिलेल्या नाही. कॅन्सल चेक मागून उपयोग नाही, तो पण बनवून पाठवतात.

आयडी एकदा बाजारात गेला की पुढचं वऱ्हाड येतंच. रोज काहीतरी, जीएसटीचं समन्स, अडकलेलं कुरिअर, इन्कम टॅक्सचा रिफंड. एकाने तर आमचा खरा जुना पासवर्ड सब्जेक्टमध्ये लिहून धमकी दिली की तुझ्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन दे. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. नोटीस खरी असेल तर पोर्टलवर लॉगिन केल्यावर दिसतेच, मेलमधली लिंक दाबायची गरज नाही. आणि असल्या स्पॅमच्या खालचं अनसबस्क्राइब दाबू नका, ओळखीच्या दुकानाचं असेल तर ठीक, नाहीतर इथे माणूस जिवंत आहे एवढंच त्याला कळतं. रिपोर्ट स्पॅम करायचं आणि सोडून द्यायचं.

आणि मागच्या महिन्यातला नवीन प्रकार. एका 'सायबर सेल अधिकाऱ्या'चा मेल, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, की तुमची गेलेली रक्कम पूर्ण सापडली आहे, फक्त दोन टक्के प्रोसेसिंग फी भरा. आमची रक्कम त्याला बरोबर माहीत! मागोमाग फोनही आला, हिंदीत, आवाज अगदी साहेबी. दाजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, फी त्या सापडलेल्या पैशातूनच कापून घ्या की, उरलेले पाठवा." त्याने फोन ठेवला. मेल आयडी बघितला तर साधा जीमेलचा.