एफ मेजरच्या पोस्टरवर ए शार्प: घरगुती स्केल टूल काही महिने वापरल्यावर

एफ, जी, ए, ए शार्प, सी, डी, ई. गिटारच्या मानेवर एखाद्या स्केलचे, म्हणजे ठरावीक स्वरमालेचे, स्वर कुठे आहेत हे वर्तुळांत दाखवणारं एक वेब टूल घरी लिहिलं. त्यातून छापलेल्या एफ मेजरच्या पोस्टरवर हे सात स्वर आले. बी गायब, ए दोनदा. बोट बरोबर जागी पडतं, कानाला काही खटकत नाही, म्हणून अशी चूक महिनोन् महिने भिंतीवर टिकते. आणि भिंतीवरची चूक वहीतल्या चुकीहून वाईट, कारण ती रोज दिसते आणि न ठरवता पाठ होते. या टूलबद्दल चांगलं सांगण्यासारखं बरंच आहे, पण आधी हेच सांगतो. पोस्टर सुरेख छापलं आणि नावं चुकली, तर कागद वाया गेला असंच माझं मत.

कारण साधं आहे. कोडमध्ये बारा नावांची एक यादी असते: सी, सी शार्प, डी, डी शार्प, अशी बीपर्यंत. शार्प म्हणजे स्वर अर्ध्या अंतराने, म्हणजे एका सेमीटोनने, वर आणि फ्लॅट म्हणजे तेवढाच खाली. मोकळ्या तारांना मिडीचे (संगणकावर स्वरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीचे) आकडे दिलेले असतात, जाड तारेपासून ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४. त्यात फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) क्रमांक मिळवायचा, बाराने भागायचं आणि बाकी येईल त्या जागचं नाव छापायचं. स्वर कुठे आहे हे शोधायला हे गणित बिनचूक आहे. ड्रॉप डी ट्यूनिंग (जाड तार ईवरून डीवर उतरवलेली) हवं असेल तर ४० च्या जागी ३८ लिहिलं की काम झालं. पण त्याला काय म्हणायचं हे या गणिताला कळत नाही, कारण नाव स्केलमधल्या पायरीवर, म्हणजे तो कितवा स्वर आहे यावर, ठरतं. सात स्वरांच्या स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं. एफ मेजरची चौथी पायरी बी या अक्षराची, म्हणून तो स्वर बी फ्लॅट. सी मायनरला तर ही यादी सी, डी, डी शार्प, एफ, जी, जी शार्प, ए शार्प असं छापते. ई आणि बी दोन्ही बेपत्ता. हे पाहून सी मायनर कॉर्ड बांधायला जाणाऱ्याला मधला स्वर डी शार्प दिसतो, आणि एकेक अक्षर सोडून कॉर्ड रचायची ही सोपी रीतच मोडते.

यावर ‘शार्प की फ्लॅट’ असं बटण देणं हा नेहमीचा उपाय. या टूलमध्येही ते होतं, आणि सुरुवातीला ते पुरेसं वाटलं. पण डी हार्मोनिक मायनर घ्या: डी, ई, एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी शार्प. एकाच स्केलमध्ये फ्लॅटही आहे आणि शार्पही. बटण कुठल्याही बाजूला ठेवा, एक नाव चुकणारच. एफ शार्प मेजरचा सातवा स्वर ई शार्प आहे. बारा नावांच्या यादीत ई शार्प नावाचं काही नाहीच, त्यामुळे तिथे एफ छापला जातो आणि शेजारीच एफ शार्प. बटण काढून टाकलं तेव्हा कुठे टूल सुधारायला लागलं.

खरा उपाय वीसेक ओळींचा आहे. स्केलची व्याख्या नुसत्या सेमीटोनांत न ठेवता जोड्यांत ठेवायची: पायरी आणि सेमीटोन. मायनर पेंटॅटॉनिक हे पाच स्वरांचं स्केल म्हणजे (१,०), (३,३), (४,५), (५,७), (७,१०). मूळ स्वराच्या अक्षरापासून पायरीइतकी अक्षरं पुढे मोजायची, मूळ अक्षर धरून. जे अक्षर येईल त्याची साधी किंमत घ्यायची: सी ०, डी २, ई ४, एफ ५, जी ७, ए ९, बी ११. हवा असलेला स्वर आणि ही किंमत यांतला फरक काढायचा, तो उणे सहा ते सहा या पट्ट्यात आणायचा. शून्य आला तर चिन्ह नाही, एक आला तर शार्प, उणे एक आला तर फ्लॅट, दोन आला तर डबल शार्प (दोन सेमीटोन वर). पायरी लिहून ठेवण्याचा फायदा ब्लूज स्केलमध्ये लगेच दिसतो. ए ब्लूजमध्ये ए, सी, डी, ई फ्लॅट, ई, जी असे स्वर येतात. त्यात ई दोनदा येतो आणि ते बरोबरच आहे, कारण दोन्ही पाचव्या पायरीचे आहेत. नुसतं ‘पुढचं अक्षर घे’ असं लिहिलेलं कोड इथे फसतं.

एवढं केल्यावर मूळ स्वराचा मेनूही बदलावा लागतो. बारा पर्यायांच्या मेनूत डी शार्प असतो, पण डी शार्प मेजर लिहायला गेलं तर एफ आणि सी दोन्ही डबल शार्प होतात. असं कोणी लिहीत नाही, ते ई फ्लॅट मेजर म्हणून लिहितात. मेजरसाठी पंधराच मूळ स्वर ठेवायचे, सात शार्पपासून सात फ्लॅटपर्यंत. मायनरचे पंधरा वेगळे, त्यात डी शार्प येतो. त्यातला जी शार्प हार्मोनिक मायनर तर पोस्टर तपासायला उत्तम, कारण त्याचा सातवा स्वर एफ डबल शार्प आहे. तिथे टूलने जी छापला तर बाकीची नावं तपासत बसू नका, कोड दुरुस्त करा.

चिन्हांचा त्रास वेगळा. शार्प म्हणून कीबोर्डवरचं हॅश टाकलं तर ते तिरकं आणि रुंद दिसतं. खरं ♯ चिन्ह निवडलेल्या फॉन्टमध्ये नसेल तर ब्राउझर ते दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो, मग वर्तुळातलं अक्षर एका बाजूला सरकतं. डबल शार्पचं चिन्ह तर फारच थोड्या फॉन्टमध्ये आहे, बहुतेक वेळा तिथे रिकामी चौकट छापली जाते. दोन लहान तिरक्या रेघांची फुली काढणं हा सरळ मार्ग. अक्षर वर्तुळात उभं मध्यभागी आणण्यासाठी बेसलाइनच्या (अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिच्या) सेटिंगवर विसंबू नये. ते स्क्रीनवर एक आणि पीडीएफमध्ये दुसरं दिसू शकतं. अक्षर ०.३५ एम, म्हणजे फॉन्टच्या आकाराच्या ०.३५ पट, खाली सरकवलं की सगळीकडे सारखं येतं.

आता छपाई. चित्र एसव्हीजीमध्येच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत साठवलेलं, असावं. ब्राउझरच्या कॅनव्हासवर पिक्सेलमध्ये काढलेलं चित्र नेहमीच्या ९६ डीपीआयला (इंचाला ९६ ठिपके) ए४ आडव्या कागदासाठी ११२३ पिक्सेल रुंद होतं. ३०० डीपीआयच्या छपाईला ३५०८ लागतात, म्हणून कडा धुरकट येतात. एसव्हीजीला हा प्रश्न नाही, आणि मापं थेट मिलिमीटरमध्ये लिहिता येतात.

सगळ्यात जास्त शाई आणि कागद मात्र प्रिंटच्या खिडकीतल्या दोन सेटिंग्जनी खाल्ला. पहिली, पार्श्वभूमीचे रंग. ब्राउझर मुळात ते छापत नाही. मूळ स्वराचं काळं वर्तुळ डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) रंग देऊन बनवलं असेल तर कागदावर ते उडतं आणि मूळ स्वर बाकीच्या स्वरांत हरवतो. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, म्हणून हे कागद बाहेर आल्यावरच कळतं. सीएसएसमध्ये (पानाच्या दिसण्याच्या नियमांत) प्रिंट-कलर-ॲडजस्ट ‘एक्झॅक्ट’ करता येतं, पण वर्तुळ एसव्हीजीतच भरलेलं असलं तर हा प्रश्न उरतच नाही. दुसरी, कागदाचा आकार. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये लेटर आकार राहिला असेल तर आडवं ए४ पान २९७ ऐवजी २७९.४ मिलिमीटरमध्ये बसवलं जातं, म्हणजे सुमारे ९४ टक्के. नजरेला हे कळत नाही. म्हणून पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची बारीक रेघ छापावी आणि पट्टीने मोजावी. ९४ भरली तर कुठे बघायचं ते लगेच समजतं. मागून एक कोरं पान निघत असेल तर एसव्हीजीला डिस्प्ले ‘ब्लॉक’ द्या. इनलाइन चित्राखाली बेसलाइनची जी चिंचोळी फट राहते तीच पुढच्या पानावर सांडते.

फ्रेटच्या अंतराबद्दल माझं मत मधेच बदललं. सुरुवातीला खऱ्या गिटारसारखी आकसत जाणारी अंतरं फार आवडली. सूत्रही सुंदर आहे: नटपासून (मानेच्या टोकाच्या पट्टीपासून) एखाद्या फ्रेटचं अंतर म्हणजे स्केल लेंग्थ (तारेची नट ते ब्रिज लांबी) वजा, स्केल लेंग्थ भागिले दोनचा ‘फ्रेट क्रमांक भागिले बारा’ हा घात. ६४८ मिलिमीटर स्केल लेंग्थच्या गिटारवर पहिला फ्रेट ३६.४ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. पण ए४ वर दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर समास आणि मोकळ्या तारांसाठी १५ सोडले की २६२ उरतात. त्यात पंधरा फ्रेट खऱ्या प्रमाणात बसवले तर पहिला रकाना २५ मिलिमीटरचा आणि पंधरावा ११ चा होतो. वर्तुळाचा आकार त्या शेवटच्या रकान्यावर ठरतो, आणि सुरुवातीच्या रकान्यांतली ऐसपैस जागा फुकट जाते. समान अंतरावर प्रत्येक रकाना साडेसतरा मिलिमीटरचा मिळतो. बाराच फ्रेट असतील तर खरं प्रमाण परवडतं, शेवटचा रकाना तरी साडेपंधराचा राहतो. पंधरा किंवा जास्त असतील तर समान अंतरच घ्या. खुणांचे ठिपके ३, ५, ७, ९, १२ वर असले की नजर आपोआप जुळवून घेते.

अक्षराच्या आकारात काटकसर नको. दीड मीटरवरून साडेतीन मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता येतं, पण त्यासाठी वाजवणं थांबतं. पाच मिलिमीटर हवं, म्हणजे साधारण २० पॉइंटचा फॉन्ट.

काटकसर शाईत करा. लाकडी रंगाचा फ्रेटबोर्ड छापणं ही निव्वळ उधळपट्टी आहे, आणि त्यावरची अक्षरंही नीट दिसत नाहीत. पांढरा कागद, फ्रेट अर्धा मिलिमीटर, तारा ०.३ ते ०.८, नट दीड. मूळ स्वर काळा भरलेला, बाकी सगळी वर्तुळं पोकळ. सी मेजरमध्ये बाराव्या फ्रेटपर्यंत ७८ पैकी ४८ जागा भरतात, तेव्हा पोकळ वर्तुळांचा फरक कार्ट्रिजमध्ये दिसतो. लाल आणि हिरवा अशा रंगांनी पायऱ्या दाखवायच्या असतील तर आधी ग्रेस्केलमध्ये छापून बघा, बरेचदा दोन्ही एकच राखाडी होतात.

कागद वाचवायचा असेल तर स्वरांच्या नावांऐवजी पायऱ्यांचं पोस्टर छापा. मायनर पेंटॅटॉनिकच्या पाच आकृत्या १, ♭३, ४, ५, ♭७ अशा छापल्या की एकच पान सगळ्या मूळ स्वरांना चालतं, आकृती मानेवर सरकवायची एवढंच. याच जागी सा, कोमल ग, म, प, कोमल नी असा पर्यायही टूलमध्ये घातला आहे आणि तो सगळ्यांत जास्त वापरला जातो. नावांची पोस्टर मग सी, जी, डी, ए, ई आणि एफ एवढ्या मेजर स्केलचीच पुरतात.

डावखुऱ्यांसाठी आरसा करताना पूर्ण चित्र उलटवू नका, अक्षरंही उलटी होतात. फक्त आडवं अंतर रुंदीतून वजा करा. उरलेली अडचण आठ स्वरांच्या डिमिनिश्ड स्केलची. अक्षरं सातच असल्यामुळे एक दोनदा येणारच, आणि कोणतं यायचं हे टूलला ठरवता येत नाही. तिथे पायऱ्या हाताने लिहून द्याव्या लागतात.