आवाज गेलेली दोन मिनिटे : मार्चिंग बँड स्पर्धेचा एक ब्लू-रे संच

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शाळांच्या मार्चिंग बँडचा, म्हणजे मैदानावर चालत, आकृत्या रचत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा, मोसम भर उन्हाळ्यात, शाळेच्या तापलेल्या वाहनतळावरच्या सरावाने सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या थंडीत संपतो. आमची मुलगी तीन वर्षे शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी फुंकवाद्य वाजवते आहे. गेल्या मोसमातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा ब्लू-रे संच आम्ही टपालखर्चासह ६४ डॉलरला मागवला आणि त्याच फेरीचे केवळ ध्वनिमुद्रण १५ डॉलरला वेगळे उतरवून घेतले. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे मला खटकले ते या धंद्यात कमीअधिक प्रमाणात सगळीकडे आढळते.

संचाची तांत्रिक बाजू उत्तम आहे, हे आधी सांगायला हवे. प्रत्येक बँडचे सादरीकरण दोन प्रकारे पाहता येते : एकदा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून एकाच स्थिर कॅमेऱ्याने आणि एकदा मैदानालगतच्या अनेक कॅमेऱ्यांतून. अनुभवी पालक पहिला प्रकारच पाहतात, कारण दीडशे मुले मैदानावर जी आकृती रचतात, मोडतात आणि पुन्हा जुळवतात ती खालून कधीच नीट दिसत नाही. आपले मूल शोधायचे असेल तेव्हा मात्र दुसरा प्रकार लावावा लागतो. ध्वनीही स्वच्छ आहे. पुढच्या ओळीतल्या मरिंबा (लाकडी पट्ट्यांची वाद्ये) किंचित जवळ आल्यासारख्या वाटतात, पण मागून ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्यांचा भरणा सुरू होतो तेव्हा दिवाणखान्यातल्या काचा थरथरतात.

आमच्या बँडच्या सादरीकरणात पाचव्या मिनिटाच्या सुमारास संथ भाग सुरू होतो. कलर गार्डच्या, म्हणजे झेंडे फिरवणाऱ्या पथकाच्या, मुली निळे झेंडे जमिनीवर ठेवून गुडघ्यांवर बसतात, मेलोफोनची रांग प्रेक्षकांकडे वळते, मुले वाद्ये ओठांना लावतात आणि त्याच क्षणी आवाज बंद पडतो. पडद्याच्या तळाशी एक पांढरी ओळ येते : संगीताचा परवाना न मिळाल्यामुळे हा भाग मूक ठेवला आहे. पुढची दोन मिनिटे ड्रम मेजरचे हात ताल देत राहतात, मुलांचे गाल फुगतात, बोटे कळांवर पडतात आणि ऐकू काहीच येत नाही. सांगलीहून आलेली माझी आई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अरे, रिमोटचे सेल संपले वाटतं," आणि तिने रिमोट तळहातावर दोनदा आपटला.

दोष रिमोटचा नव्हता, हे तिला समजावून सांगताना मला स्वतःला आधी बरेच समजून घ्यावे लागले. अशा बँडचे आठ-दहा मिनिटांचे सादरीकरण पाच-सहा रचनांचे तुकडे जोडून बनलेले असते आणि प्रत्येक तुकड्यासाठी निरनिराळ्या परवानग्या लागतात. मूळ रचना बँडसाठी बदलून लिहिण्याची परवानगी शाळा मोसमाआधी प्रकाशकाकडून घेते. मैदानावर ती जाहीरपणे वाजवण्याचा प्रश्न बहुधा ॲस्कॅप आणि बीएमआय यांच्यासारख्या, संगीतकारांच्या वतीने वादनाचे शुल्क गोळा करणाऱ्या, संस्थांच्या सरसकट परवान्याने सुटतो. नुसता आवाज विकण्यासाठी अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ मध्ये सक्तीच्या परवान्याची सोय आहे : रचनेचे अधिकृत ध्वनिमुद्रण एकदा बाजारात आले की ठरलेली रक्कम भरणाऱ्याला मालक अडवू शकत नाही. हा दर २००६ पासून २०२२ अखेरपर्यंत रचनेच्या प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. लांब रचनांना तो मिनिटांवर आकारतात. आमच्या १५ डॉलरच्या ध्वनिमुद्रणात सगळे सूर शाबूत आहेत ते या सोयीमुळे.

चित्राला संगीत जोडले की मात्र सगळा हिशेबच बदलतो. त्यासाठी सिंक परवाना लागतो आणि तो देण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. मालक वाटेल ती किंमत सांगू शकतो, नकार देऊ शकतो, किंवा पत्राला उत्तरच देत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हा तिसरा प्रकार सर्वाधिक घडतो. एखाद्या अलीकडच्या गाण्याला चार गीतकार-संगीतकार असले तर त्यांचे प्रकाशकही चार असू शकतात आणि व्यवहारात त्या सगळ्यांचा होकार लागतो. शिवाय त्यांच्यापैकी कोणा एकाला जास्त रक्कम दिली तर तेवढीच आम्हालाही द्यावी, अशी अट करारात घालण्याची रीत आहे. हल्ली सादरीकरणात गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचे किंवा चित्रपटातल्या संवादाचे तुकडेही वाजवतात. तिथे रचनेच्या मालकाखेरीज मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाचीही परवानगी लागते. परवान्याविना विकल्यास प्रत्येक रचनेमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि उल्लंघन जाणूनबुजून केले असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई लावण्याची तरतूद आहे. काहीशे संच विकणारा छोटा धंदेवाईक आवाज बंद करतो, याचे मग नवल वाटत नाही.

याच क्षेत्रातली, तरुणांच्या वादनपथकांच्या स्पर्धा भरवणारी, सर्वांत नामांकित संस्था म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल. तिचे पहिले अजिंक्यपद १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे झाले आणि २००९ पासून तिच्या अंतिम फेरीचे घर आमच्या इंडियानापोलिसचे लुकस ऑइल स्टेडियम हे आहे. तिच्याही चित्रमुद्रणांत परवान्याअभावी काही भाग मूक करावे किंवा गाळावे लागले आहेत. नावाजलेल्या संस्थेलाही जे चुकले नाही ते शाळांच्या स्पर्धेला चुकणार नव्हतेच.

संच पूर्ण पाहिल्यावर एक गंमत लक्षात आली. जुने संगीत निवडलेल्या बँडचे चित्रण अखंड आहे. जॉर्ज गर्श्विन यांची १९२४ ची 'रॅप्सडी इन ब्लू' अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून कोणालाही मोकळी झाली आहे. ती वाजवणाऱ्या बँडचा एक सूरही गेलेला नाही. पण जुन्याच्या भरवशावर राहिलेली एक शाळा फसलेली दिसते. 'सिंपल गिफ्ट्स' ही अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाची धून १८४८ ची, म्हणजे कोणाच्याही मालकीची नाही; मात्र संगीतकार ॲरन कोपलंड यांनी १९४४ च्या 'ॲपलाचियन स्प्रिंग' मध्ये तिला जो साज चढवला तो अजून संरक्षित आहे आणि बँडला हवा असतो तो नेमका तोच साज. त्या शाळेचा शेवटचा, सगळ्यांत दणदणीत भाग मुका आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्बँक हायस्कूलच्या गायनवृंदावर विनापरवाना संगीत वापरल्याबद्दल झालेल्या खटल्यात नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) अपील न्यायालयाने मार्च २०२० मध्ये शिक्षक आणि पालकांच्या मदत मंडळाच्या बाजूने निकाल दिला, हे बँडच्या पालकांमध्ये नेहमी सांगितले जाते. परंतु तो वाद शाळेने सादरीकरणात केलेल्या वापराचा होता. नफ्यासाठी डिस्क विकणाऱ्याला त्याची ढाल करता येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीतल्या वादनाला सूट आहे, हे मी आईला सांगितले तेव्हा तिला इथल्या मुलांची फारच दया आली.

त्यामुळे माझी तक्रार मूक केल्याबद्दल नाही. कोणता बँड किती मिनिटे मुका आहे हे डिस्क छापण्यापूर्वी विक्रेत्याला पक्के ठाऊक होते आणि तरीही संकेतस्थळावरच्या जाहिरातीत 'संपूर्ण अंतिम फेरी' असे लिहिले होते. खोक्याच्या मागे, बारकोडच्या खाली, भिंग लागेल अशा अक्षरांत 'काही ध्वनी वगळलेला असू शकतो' एवढेच आहे. शाळांच्या नावांपुढे मूक मिनिटे लिहिलेला एक तक्ता त्यांनी दिला असता, तर ६४ डॉलर द्यायचे की नाही हे मला ठरवता आले असते. परताव्यासाठी लिहिलेल्या पत्राला पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचे कूपन उत्तरादाखल आले. तेव्हा ध्वनिमुद्रण बेलाशक घ्यावे. चित्रमुद्रण मात्र आपल्या शाळेचा भाग अखंड आहे असे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याखेरीज घेऊ नये.

आमच्या घरी तोड मुलीने काढली. तिने चित्र मूक भागाच्या तोंडाशी थांबवले, फोनवर ध्वनिमुद्रण त्याच जागी आणले, ड्रम मेजरचा हात वर गेल्याबरोबर चार मोजले आणि दोन्ही एकदम सुरू केले. पहिल्या वेळी सूर अर्धा ठोका मागे राहिले. दुसऱ्या वेळी जुळले. आईने तेवढीच दोन मिनिटे पुन्हा लावायला सांगितली.