गिटार कॅबसमोर कुठला माईक लावू: एसएम ५७, एमडी ४२१ की आर १२१?

रॉक गाणं रेकॉर्ड करायचंय, अँप चांगला आहे, वाजवणारा पण तयारीचा आहे आणि गाडी अडलीय ती कॅबसमोर, म्हणजे अँपच्या स्पीकरच्या पेटीसमोर, माईक कुठला लावायचा इथे. तिन्ही माईक मी वापरलेत आणि माझं मत सरळ आहे, की बजेट कितीही असू दे पहिला माईक ५७ च घ्या, बाकीच्या दोघांकडे कधी वळायचं ते खाली सांगतो.

एसएम ५७ श्यूरचा, १९६५ पासून चालू आहे, एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. डायनॅमिक माईक आहे म्हणजे आत पडद्याला चिकटलेली कॉइल चुंबकात हलते, त्यामुळे आवाज कितीही मोठा असला तरी तो घाबरत नाही. किंमत दहा हजारांच्या आसपास. साधारण २०० हर्ट्झच्या खाली तो हळूहळू उतरत जातो, म्हणजे जाड आवाज कमी पकडतो, आणि ५-६ किलोहर्ट्झला त्याला एक फुगवटा आहे, म्हणजे तिथला तीक्ष्ण आवाज जास्त पकडतो. कागदावर हे दोन्ही दोष वाटतात पण रॉकमध्ये हेच कामाला येतं, कारण खालची जागा बेसची आणि किकची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची) असते, गिटारला मधलीच जागा हवी असते, आणि ५७ ने घेतलेली गिटार मिक्समध्ये जवळजवळ ईक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणं) न करता आपली जागा धरून बसते. एकटी ऐकली तर थोडी पातळ वाटेल, तिथे घाबरू नका, बेस आणि ड्रम लावून ऐका मग बोला.

त्रास कुठे होतो तर गेन (अँपवर आवाज फाटवायचं बटण) भरपूर असेल तेव्हा. डिस्टॉर्शनची जी वरची खरखर असते ती बरोबर त्या फुगवट्यात येऊन बसते आणि कान दुखायला लागतात. यावर उपाय दुसरा माईक घेणं नाही, आधी आहे तोच हलवा! जाळीवर टॉर्च मारा म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा दिसेल, मधल्या गोल टोपीच्या बरोबर समोर आवाज सगळ्यात चकचकीत असतो आणि कडेकडे सरकत गेलात की तो गडद होत जातो, आणि हा फरक दोन-तीन सेंटीमीटरमध्ये होतो, दोन माईकमधल्या फरकापेक्षा मोठा सुद्धा असू शकतो. मी टोपी जिथे संपते त्या रेषेवर, जाळीपासून दोन बोटं लांब ठेवून सुरुवात करतो. एकाला वाजवत बसवा, दुसऱ्याला माईक इंच इंच हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरचा आवाज अडवणारे, मागून बंद असलेले हेडफोन लावून ऐका, जिथे आवाज बसेल तिथे फरशीवर स्टँडच्या पायांना टेप मारा म्हणजे उद्याच्या टेकला तीच जागा मिळेल. कॅबमध्ये चार स्पीकर असतील तर चारही ऐका, एकाच मॉडेलचे असले तरी सगळे सारखे वाजत नाहीत. एवढा अर्धा तास देणार नसाल तर महागडा माईक घेऊनही काही फरक पडणार नाही हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता एमडी ४२१. सेनहायजरचा, १९६० सालचा, किंमत ५७ च्या तीन-चार पट. हा पण डायनॅमिकच, पण खालचा भाग जास्त भरदार आणि वरचा जास्त मोकळा. मागच्या टोकाला पाच पायऱ्यांचा बेस कमी करायचा स्विच आहे, एका टोकाला एम म्हणजे म्युझिक आणि दुसऱ्या टोकाला एस म्हणजे स्पीच, कॅबला लावताना तो कुठे आहे ते आधी बघा, एस वर राहिला असेल तर गिटार पोकळ येते आणि आपण उगाच अँपला दोष देत बसतो. फक्त गिटारसाठी मी हा घ्यायला सांगणार नाही. पण ड्रम पण तुम्हीच रेकॉर्ड करणार असाल तर मात्र नक्की घ्या, कारण टॉमवर (ड्रमसेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमवर) तो फार सुंदर वाजतो, बेसच्या कॅबवर पण चालतो, म्हणजे एका पैशात तीन कामं.

आर १२१ ची गोष्ट वेगळी आहे. रॉयरचा रिबन माईक, १९९८ चा, आणि आपल्याकडे लाखाच्या वर जातो. आत कॉइल नाहीच, अडीच मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांमध्ये टांगलेली असते. जुन्या रिबनना मोठा आवाज झेपायचा नाही, हा १३५ डेसिबलपर्यंत घेतो म्हणून तर तो रॉक गिटारवर इतका रुळला. ती खरखर इथे मऊ होऊन येते, मधला भाग जाडजूड, आणि अँपसमोर उभं राहून जे ऐकू येतं त्याच्या सगळ्यात जवळचा आवाज मला यातच मिळालाय. पण तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, त्यामुळे छोट्या बेडरूममध्ये मागे उघडी भिंत असेल तर ती भिंत पण रेकॉर्ड होते, मागे जाड गादी तरी उभी करा. बाजूने मात्र तो जवळजवळ बहिरा असतो, एकाच खोलीत दोन अँप असतील तर याचा फार उपयोग होतो. आणि जपावं लागतं, किकच्या भोकासमोर नेऊ नका, फुंकर मारून चेक करू नका, खराब केबलवरून ४८ व्होल्ट गेले तर पट्टी ताणली जाऊ शकते म्हणून फँटम (इंटरफेस किंवा मिक्सर माईकला केबलमधून पाठवतो ती ४८ व्होल्टची वीज) बंद करूनच जोडा.

सोसायटीत राहताय आणि अँपचा आवाज दोनच्या वर नेता येत नाही अशी परिस्थिती असेल तर या तिघांपैकी काहीच घेऊ नका, स्पीकर हललाच नाही तर माईक काय पकडणार, ते पैसे लोड बॉक्समध्ये (स्पीकरऐवजी अँपला जोडायची पेटी, म्हणजे आवाज न करता रेकॉर्ड करता येतं) घाला किंवा एक दिवस रिहर्सल रूम भाड्याने घ्या.

५७ हाताशी आहे आणि पुढे पैसे जमले तर १२१ त्याच्या शेजारी लावा, ५७ चा चावा आणि १२१ चं अंग, ही जोडी उगाच इतकी चालत नाही. फक्त दोघांची तोंडं जाळीपासून अगदी सारख्या अंतरावर हवीत, साडेतीन सेंटीमीटर मागेपुढे झालं तर ५ किलोहर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. तपासायचं असेल तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा, दोघांचा लेव्हल सारखा करा आणि आवाज सगळ्यात बारीक होईपर्यंत एक माईक हलवा, मग पोलॅरिटी परत सरळ करा.