बोर्नियोहून निघालेला एकच बाण: मादागास्करच्या तक्तासंचाविषयी

साकोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी या उन्हाळ्यात आम्ही एक मराठी तक्तासंच टपालाने मागवला. मादागास्कर बेटावर पहिली माणसे कोठून आली, हा त्याचा विषय. सहा तक्ते, एक मोठा नकाशा, चाळीस शब्दपत्ते आणि अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका एवढा ऐवज अकराशे ऐंशी रुपयांत मिळाला. भंडारा जिल्ह्यातील खेड्यात मादागास्करचे काय काम, असे वाचनालयाच्या बैठकीत एकाने विचारलेही होते. दोन महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे, की संच घेण्याजोगा आहे. मात्र त्यातील नकाशा एकटाच भिंतीवर लावू नये.

प्रश्नच असा आहे, की मुले लगेच त्यात गुंततात. मादागास्कर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळच्या ठिकाणी सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे साकोलीपासून बुलडाण्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर भरेल तेवढे अंतर. आग्नेय आशियातले बोर्नियो बेट तेथून ७,००० किलोमीटरांहून अधिक दूर. असे असूनही बेटावरची मलागासी भाषा आफ्रिकेतील भाषाकुळातली नसून मलाय आणि जावानीज या बोर्नियोच्या बाजूच्या भाषा ज्या कुळातल्या, त्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे.

हे सांगण्याचे काम शब्दपत्ते फार चांगले करतात. पत्त्याच्या एका बाजूला मलाय शब्द, दुसऱ्या बाजूला मलागासी. दगड म्हणजे बातू आणि वातू, चंद्र म्हणजे बूलान आणि वूलाना, आकाश म्हणजे लांगित आणि लानित्र, पाच म्हणजे लिमा आणि दिमी. सातवीच्या मुलींनी अर्ध्या तासात निम्म्याहून अधिक जोड्या स्वतः लावल्या आणि मलायमधला ‘ब’ मलागासीत ‘व’ होतो, हा नियमही मी न सांगता शोधून काढला. डच दर्यावर्दी फ्रेडरिक द हाउटमन याने १६०३ मध्ये मलाय आणि मलागासी या दोन्ही भाषांचा शब्दसंग्रह एकत्र छापला होता. १९५१ मध्ये नॉर्वेचे मिशनरी भाषाभ्यासक ओटो क्रिस्तियन दाल यांनी मलागासीची सर्वांत जवळची बहीण दाखवून दिली. ती म्हणजे आग्नेय बोर्नियोत बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी मान्यान भाषा. पुस्तिकेत ही हकीकत नेटकी आली आहे. पत्त्यांवरचे उच्चार मात्र रोमन अक्षरांवरून जसेच्या तसे उतरवलेले आहेत. मलागासीत ‘ओ’ हे अक्षर ‘उ’ असे उच्चारतात. त्यामुळे पत्त्यांवर ‘वातो’ आणि ‘वोलाना’ असे छापले गेले असून मी ते पेनाने दुरुस्त केले. ज्या खेळाचा सगळा आधार आवाजांच्या सारखेपणावर आहे, त्यात ही चूक लहान म्हणता येत नाही.

माझ्या मते संचातील सर्वांत मोलाचा मजकूर पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात दडवला आहे. मलागासीत लाख या संख्येला ‘हेत्सी’ म्हणतात. तो शब्द मलायच्या ‘केती’वरून आला आणि ‘केती’ आपल्या ‘कोटी’वरून, वाटेत किंमत तेवढी घसरली. काही मलागासी बोलींत महिन्यांची नावे फूसा आणि माका अशी आहेत, ती पौष आणि माघ यांवरून आलेली. हे शब्द भारतातून थेट गेलेले नाहीत, मलाय-जावा प्रदेशातील दरबारी भाषांमधून गेलेले आहेत, हे पुस्तिकेने स्पष्ट सांगितले ते बरे झाले. नाहीतर आपलेच लोक तेथे जाऊन वसले, असे भाषण ठोकायला आमच्याकडे उत्साही मंडळींची वाण नाही.

चौथा तक्ता शेतीचा आहे आणि वाचनालयात येणारी मोठी माणसे त्याच्यासमोरच थांबतात. पूर्व आफ्रिकेचा किनारा, कोमोरो बेटे आणि मादागास्कर येथील जुन्या वसाहतींच्या मातीतून निघालेल्या जळक्या दाण्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर ज्वारी, बाजरी आणि चवळी ही आफ्रिकेची पिके आढळली, तर मादागास्कर आणि कोमोरोमध्ये धान, मूग आणि कापूस ही आशियाई पिके. भाषेने जे सुचवले होते, त्याला दाण्यांनी दुजोरा दिला. तक्त्याच्या खालच्या भागात, धान रोवण्याआधी वशिंडाचे बैल पाणी भरलेल्या वावरात फिरवून चिखल करण्याची तेथील पद्धत दाखवली आहे. ते चित्र पाहून एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “हे त आपलीच बांधी दिसते जी, गुरुजी.” बांधी म्हणजे आमच्याकडचे धानाचे बांधलेले वावर. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर जन्मभर रोवणी केलेल्या माणसाने दिलेली ही पावती चित्रकाराने जपून ठेवावी. ज्वारीसुद्धा मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, हेही त्याच तक्त्यावर एका ओळीत छापायला हवे होते.

मात्र ते बैल आले कोठून, हा प्रश्न विचारला की नकाशा उघडा पडतो. नकाशावर बोर्नियोहून मादागास्करकडे जाणारा एकच जाड निळा बाण आहे आणि आफ्रिकेकडून काहीच नाही. प्रत्यक्षात मलागासीत गुराला ऊम्बी म्हणतात आणि कोंबडीला अकूहू; पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली या बांटू भाषेतील ङोंबे आणि कुकू यांच्याशी त्यांचे नाते उघड आहे. गुरेढोरे आणि त्यांची नावे बांटू कुळातल्या भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी लोकांकडून आली आणि ते लोकही या बेटावरच स्थिरावले. आजच्या मलागासी माणसाच्या वंशात आशियाई आणि आफ्रिकी असे दोन्ही मोठे वाटे आहेत. मधल्या पठारावर आशियाई वाटा अधिक आणि किनारपट्टीवर आफ्रिकी वाटा अधिक. पुस्तिकेत हे आहे, पण पुस्तिका कपाटात राहते आणि नकाशा भिंतीवर, त्यामुळे मुलांच्या डोक्यात बाण तेवढा पक्का होतो. शिवाय तो सरळ बाण पाहून कोणालाही वाटेल, की एक तांडा बोर्नियोहून निघाला आणि थेट बेटावर उतरला. मान्यान लोक तर नदीकाठचे, आतल्या मुलुखातले. त्यांचे पूर्वज सुमात्रातील श्रीविजय या जुन्या राज्यासारख्या मलाय सत्तांच्या जहाजांवर खलाशी किंवा चाकर म्हणून गेले असावेत, असे काही भाषाभ्यासकांचे मत आहे, आणि ते मला पटते.

पाचव्या तक्त्याविषयीही अशीच तक्रार आहे. २०१२ च्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे १,२०० वर्षांपूर्वी बेटावरील मूळ वस्तीत जेमतेम तीस स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी बहुतेक इंडोनेशियाई वंशाच्या होत्या. हा गणिती अंदाज आहे. चित्रकाराने त्या तिसांनाही एका होडीत बसवले आणि एका मुलाने लगेच विचारले, की होडी कोण वल्हवत होते. सहाव्या तक्त्यावर हत्तीपक्ष्याच्या (बेटावरच्या, आता नामशेष झालेल्या प्रचंड पक्ष्याच्या) हाडावरील खुणांवरून माणूस १०,५०० वर्षांपूर्वीच तेथे पोहोचला होता, असे ठामपणे छापले आहे. २०१८ चा तो दावा अनेक पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही, तेव्हा “असा एक दावा आहे” एवढे तरी लिहायला हवे होते.

छपाई चांगली आहे आणि रंग उठावदार आहेत. कागद मात्र आमच्याकडच्या पावसाळ्यात टिकणारा नाही; भिंतीला ओल आली तशी दुसऱ्या तक्त्याची किनार वळली. नळीतून आलेल्या नकाशाला मधोमध चुणी पडली होती. विक्रेत्याला दोनदा फोन केल्यावर बदली नकाशा आला, त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.

शाळेसाठी घेणाऱ्यांनी साकोलीत किंवा भंडाऱ्यात तक्त्यांना प्लास्टिकचे आवरण चढवून घ्यावे आणि नकाशाशेजारी शेतीचा तक्ता टांगावा. आम्ही लाल पतंगी कागदाचा एक बाण कापून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत चिकटवला आहे. तो निळ्या बाणापेक्षा आखूड आहे, म्हणून मुलींनी तो मुद्दाम रुंद कापला.