कन्नडजवळचं टेंट कॅम्पिंग: 2 रात्री, 5 माणसं, अडीच स्टार

दिवाळीच्या सुट्ट्यात लेकरं नुसती मोबाईलमधी तोंड घालून बसायलेत म्हणून मेव्हण्यानं आम्हाला न विचारताच टेंट बुक करून टाकले. गौताळ्याच्या जंगलाबाहेर, कन्नडच्या अलीकडं, एका शेतात. कॅम्पचं नाव लिहीत नाही, पोरं नवीन आहेत, धंदा आत्ताच टाकलाय. माणशी 1800 रुपये रोज, जेवण धरून. परभणीहून आम्ही पाच जण, मी, बायको, दोन लेकरं आणि आई. आईला सांगितलं तंबूत झोपायचंय तर म्हणली, "चांगलं घर असताना कोपीत झोपायला पैसे देयचे? ऊसतोडीला चाललाव का काय रं?"

टेंट दिसायला भारी, उभे पण व्यवस्थित केले होते. पण गादी म्हणजे सतरंजीची थोरली बहीण, आणि थंडी म्हणून आम्ही सगळ्या चेनी गच्च लावून झोपलो तर पहाटं चारला तोंडावर पाणी टपटप. मला वाटलं पाऊसच आला. तर ती आमच्याच श्वासाची वाफ, आत साचून छताला गार लागून खाली पडायली होती. वरची जाळी थोडी उघडी ठेवायची असती म्हणे, हे दुसऱ्या दिवशी एका पाहुण्यानं सांगितलं, कॅम्पवाल्यांनी नाही. संडास दोन, टेंट अकरा, त्यामुळं सकाळचं काय ते समजून घ्या. आणि स्पीकर! रात्री साडेबारापर्यंत! अहो जंगलाच्या कडंला माणूस रातकिडे ऐकायला येतो. या जंगलात बिबट्या आहे असं लेकरांना सांगून आणलं होतं, तो असंलच तर त्या रात्री धुळ्याला निघून गेला असंल.

जेवणाचं तर विचारूच नका. बार्बेक्यू म्हणून पनीरचे चार करपलेले तुकडे आणि सॉस. आई पहिल्या रात्री घरून आणलेल्या धपाट्यांवर झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं सरळ शेतमालकाच्या घरी जाऊन तिथल्या बाईशी गप्पा जमवल्या आणि रात्री आम्हाला चुलीवरची ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा मिळाला, तेही जास्तीचे पैसे न घेता. लेकरांनी पनीरकडं बघितलं पण नाही. कॅम्पवाल्यांनो, तुमच्या बांधावरच एवढी चांगली स्वयंपाकीण आहे आणि तुम्ही शहरातून सॉसच्या बाटल्या आणायलेत.

आता मेन गोष्ट. गौताळा औट्रामघाट अभयारण्य 1986 ला जाहीर झालंय, 260 चौरस किलोमीटरच्या आसपास, थोडं आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात थोडं जळगावात. औट्राम हा इंग्रज अधिकारी, त्याच्या नावानं कन्नडचा घाट. आम्हाला मोर दिसले, वानरं तर ढिगानं, आणि लांबून एक नीलगाय, जिला धाकट्यानं शेवटपर्यंत म्हैसच म्हणलं. नोव्हेंबरात गवत पिवळं पडायला लागलेलं असतं पण झाडी हिरवीच, बघायला छान.

पण खरं सांगू का, पितळखोरा बघितलं नसतं तर ट्रिप वाया गेली असती. सातमाळ्याच्या डोंगरात एका घळीत बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं, आईचे गुडघे बघता तिला वरच सावलीत बसवलं, बायको थांबली तिच्याजवळ. खाली जोत्यावर दगडी हत्तींची अख्खी रांग, दाराशी द्वारपाल, आणि चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, खांबांवर अजून चित्रांचे रंग. लई पडझड झालीय, पण गर्दी नाही, आवाज नाही. इथल्या एका खांबावर लिहिलंय की तो पैठणच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तर विकणाऱ्याच्या घराण्यानं दान दिला. पैठणचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी इथं येऊन खांब देतो आणि आपण परभणीहून आलो तर केवढं कौतुक! इथली यक्षाची बुटकी हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्यावर कान्हदास सोनारानं केली असं कोरलेलं आहे, हे मोठ्याला सांगितलं तर म्हणला मग इथं परत का आणत नाहीत. पाणी आणि खायचं सोबत न्या, आम्हाला तिथं काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशीचा घोळ सगळ्यात मोठा. कॅम्पवाल्यांनी जो ट्रिपचा कागद दिला होता त्यात मंगळवारी वेरूळ. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात! (अजिंठा सोमवारी, दोन्हीत गोंधळ करू नका.) मोठ्याला पुस्तकात कैलास लेणं होतं, वरून खाली एकाच दगडात कोरलेलं, ते बघायचं म्हणून दोन दिवस नाचत होता आणि गेटला कुलूप. चूक माझीपण, मेव्हण्याच्या भरवशावर राहिलो. मग घृष्णेश्वर केलं, तिथं गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, पहाटंच्या वाफेनं ओला झालेला शर्ट तेवढाच वाळला. दौलताबाद घाईघाईत, लेकरं अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारात, वटवाघळांच्या वासानं पळून आली आणि बाहेर पेरूवर तुटून पडली.

आईला मात्र खुलताबादचा भद्रा मारुती आवडला, झोपलेला मारुती. हात जोडून म्हणली, "बघ, कसा निवांत झोपलाय. ना टेंट, ना स्पीकर."

जायचंच असंल तर चुलीच्या बाजूचा शेवटचा टेंट मागा, तिथं स्पीकरचा आवाज कमी येतो, आणि जेवणाचं बोलणं आधीच त्या बाईशी करून ठेवा.