सीडीडीमधली पाथ नेम्स: आठ महिने वापरल्यावर

डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या जुन्या मशीनवरचे, डेटाट्रीव्ह या माहिती शोधायच्या नि रिपोर्ट काढायच्या साधनाचे रिपोर्ट सांभाळायचं काम आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आलं. डेटाट्रीव्हच्या आज्ञा आठवड्याभरात हाताखाली आल्या. रेकॉर्डच्या व्याख्या जिथे राहतात, त्या डिजिटलच्या कॉमन डेटा डिक्शनरीची, म्हणजे सीडीडीची, पाथ नेम्स (व्याख्येपर्यंतचा मार्ग सांगणारी नावं) अंगवळणी पडायला मात्र बराच वेळ गेला.

रचना साधी आहे. सगळ्यांत वर सीडीडी$टॉप, खाली डिरेक्टऱ्या, शेवटी व्याख्या, आणि दर दोन नावांच्या मध्ये टिंब. सीडीडी$टॉप.पेरोल.एम्प्लॉयी हे झालं पूर्ण नाव. सीडीडी$डिफॉल्ट या लॉजिकल नेमला (म्हणजे सिस्टिममधल्या टोपणनावाला) सीडीडी$टॉप.पेरोल दिलं, की नुसतं एम्प्लॉयी पुरतं. अर्धविरामापुढे आवृत्ती, ती गाळली तर सर्वांत वरची धरली जाते.

टिंबं आणि अर्धविराम व्हीएमएसच्या फाइलनावांतही असल्यामुळे सुरुवातीला मी या डिरेक्टऱ्या डिस्कवर शोधत होतो. त्या तिथे नसतातच. अख्खं झाड सीडीडी.डीआयसी या एका फाइलीत असतं. एखादी फांदी सबडिक्शनरी करून वेगळ्या फाइलीत ठेवली, तरी पाथ नेम तसंच राहतं. हे मला फार आवडलं.

त्रास झाला तो अर्धवट नावांचा. एका डोमेनच्या, म्हणजे रेकॉर्डची व्याख्या आणि डेटाची फाइल यांना जोडणाऱ्या नावाच्या, व्याख्येत मी रेकॉर्डचं नाव नुसतं एम्प्लॉयी असं लिहिलं होतं. एकदा सेट डिक्शनरी या आज्ञेने चाचणीच्या डिरेक्टरीत गेलो आणि तिथून मूळ डोमेन पूर्ण नावाने रेडी केला, म्हणजे वापरासाठी उघडला. चाचणीतही एम्प्लॉयी होता, तोच उचलला गेला. दोन्ही रेकॉर्डची लांबी सारखी, म्हणून एररही नाही. फक्त भत्त्याच्या रकान्यात कपातीचे आकडे! कारण सापडायला दोन दिवस लागले. तेव्हापासून साठवून ठेवायच्या प्रत्येक व्याख्येत आणि प्रोसीजरमध्ये (साठवलेल्या आज्ञांच्या संचात) मी सीडीडी$टॉपपासून नाव लिहितो. छोटी नावं फक्त कीबोर्डवर काम करताना, तीही शो डिक्शनरी या आज्ञेने जागा तपासून. आवृत्तीचा आकडा मात्र लिहीत नाही, नाहीतर रेकॉर्ड सुधारला तरी डोमेन जुन्यालाच चिकटून राहतो.

पासवर्डची सोय मला अजिबात पटली नाही. तो पाथ नेममध्येच, डिरेक्टरीच्या नावापुढे कंसात लिहायचा. प्रोसीजरमध्ये असा पाथ टाकला की ती वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला पासवर्ड दिसतो. आमच्याकडच्या अशा सात प्रोसीजर मी बदलल्या आणि अधिकार वापरकर्त्याच्या ओळखीवरून ठरवले. तीन अजून बाकी आहेत.